पाणी, पाटी आणि पेढी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात घडियाळी पोळ, बडोदे येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचे गुणगान करावे, देणगीदारांचे आभार मानावेत आणि पानांची वेळ होण्यापूर्वी खाली बसावे, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. यातील पहिल्या दोन गोष्टी चिटणीसांनी आपल्या निवेदनात यथास्थित केल्या आहेत. तेव्हा मला मिळालेला वेळ एका हिशेबासाठी खर्च करण्याची आपण परवानगी द्यावी.

संस्थेचा वार्षिक जमाखर्च आपण सर्व जण पाहतो. त्यात दोन रकमा दर वर्षी खर्चाच्या बाजूस पडतात. एक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची, दुसरी औषधोपचाराच्या मदतीची. हिशेबतपासनिसांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. हातचा गेलेला पैसा तो खर्च. परंतु सभासदांच्या बोलण्यात अधूनमधून एक प्रश्न डोकावतो आणि तो मोकळेपणाने विचारला पाहिजे. दान झाले, पुण्यही झाले. पण एवढ्याने समाज वर येतो काय? समाज वर येतो तो धंद्याने, कारखान्याने, पेढीने. आधी चार पैसे गाठीला यावेत, मग शाळा आणि दवाखाना आपोआप परवडतात. आधी पोटोबा, मग विठोबा, असे आपल्या पूर्वजांनीही सांगून ठेवलेच आहे.

प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. या घडियाळी पोळीतून मांडवीकडे निघून बँक रोडला वळलात, तर त्या उत्तराची निम्मी कागदपत्रे वाटेतच भेटतात. बडोद्याने हा प्रयोग सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःवर करून पाहिला. त्यात यश आले तसे अपयशही आले, आणि दोन्हींची नोंद शिरगणतीच्या पुस्तकांत आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या हाती राज्याचा पूर्ण अधिकार १८८१ च्या डिसेंबरात आला. त्या वर्षीच्या शिरगणतीत बडोदे शहराची वस्ती सुमारे एक लाख सहा हजार होती. एवढे शहर पाणी पीत असे ते विहिरींचे आणि तळ्यांचे. शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरवर आजव्याजवळ मोठा तलाव बांधण्याचे काम १८८५ साली सुरू झाले आणि १८९२ साली त्याचे पाणी नळाने शहरात आले. मराठी नाव धारण करणारे अभियंते जगन्नाथ सदाशिवजी यांच्या हातून हे काम झाले. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, शहरात लाख-सव्वा लाख माणसे असताना योजना आखली गेली ती तीन लाखांसाठी. त्या वेळी कोणा काटकसरी कारभाऱ्याने विचारले असते की, जी माणसे अजून जन्मलीच नाहीत त्यांच्यासाठी नळ कशाला, तर व्यवहाराच्या भाषेत त्याला उत्तर देणे कठीण गेले असते. शहराची वस्ती तीन लाखांच्या घरात पोहोचली ती १९६१ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ ७० वर्षांनी. सयाजी सरोवराचे पाणी या शहराला आजही मिळते.

पाण्याचा आणि पेढीचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. एकच उदाहरण देतो. जुन्या मंडळींना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाण्यात उतरून घागरी भरत. नारू झालेल्या पायातून त्या जंताची पिल्ले पाण्यात पडत, पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जात, आणि ते पाणी न गाळता जो प्याला त्याच्या अंगात सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा जंत तयार होऊन कातडी फोडून बाहेर येई. या रोगाने माणूस सहसा मरत नसे. पण तो काही आठवडे खाटेवरून उठत नसे, आणि ऐन हंगामात असे झाले की घरातले शेत पडीक राही. मुलगा शाळा सोडून बापाच्या जागी औताला जाई. बाजारात धान्य कमी येई, सावकाराचे देणे वाढे, आणि या कशाचाही दोष विहिरीकडे जात नसे. तो जाई नशिबाकडे. हा रोग घालवायला औषध लागले नाही. झाकलेली विहीर, नळ, पाणी गाळण्याचे फडके आणि ते का वापरायचे हे समजून सांगणारा माणूस, एवढ्यावर काम झाले. २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. पाणी, आरोग्य, ज्ञान आणि उत्पन्न ही चार खाती वेगवेगळी दिसली तरी त्यांची वही एकच आहे, हे यावरून दिसेल.

नळाला पाणी आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९३ साली, महाराजांनी अमरेली गावात आणि आसपासच्या काही खेड्यांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुलांसाठी वय ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० असे ठरले. मुलींनाही सक्ती, हे त्या काळी ऐकणाऱ्याला चमत्कारिकच वाटले असेल. अमरेलीचा अनुभव घेऊन १९०६ साली हा कायदा साऱ्या राज्याला लागू झाला. पालकांनी मुलाला पाठवले नाही तर दंड होई. गरीब कुणब्याला तो दंड जाचत असे हेही खरे; गुरे राखणारे पोर शाळेत गेले की घरची दोन आण्यांची मदत बुडते, हे दुःख खोटे नव्हते. १९११ साली नामदार गोखल्यांनी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचा दाखला होता. पुढल्या वर्षी सरकारी बहुमताने ते विधेयक फेटाळले. जे एका संस्थानाला परवडले ते साम्राज्याला परवडले नाही.

आता, मंडळी, हिशेबातले कडू पान उलटू या. ज्याने पाणी दिले, शाळा दिल्या, त्या राज्याची वस्ती १८९१ साली २४ लाख १५ हजार होती. दहा वर्षांनी ती १९ लाख ५२ हजार भरली. जवळजवळ पाचातला एक माणूस उणा! मध्यंतरी संवत १९५६ चा छप्पनिया दुष्काळ येऊन गेला होता. प्लेगही आला होता. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. राज्याची वस्ती पुन्हा १८९१ च्या आकड्यावर पोहोचायला १९३१ साल उजाडले. शहराची कथा तीच. १८९१ साली १ लाख १६ हजार असलेले बडोदे १९२१ साली ९५ हजारांच्या खाली उतरले होते. नळ होते, शाळा होत्या, कलाभवन होते, आणि पोळींतली घरे रिकामी होत होती.

याचा अर्थ प्रयोग फसला असा लावता येईल. मला तसे वाटत नाही. मात्र त्यात एक धडा आहे आणि तो कठोर आहे. नळाच्या पाण्याने पटकी हटते, पण प्लेग येतो उंदरावरच्या पिसवेने, इन्फ्लुएंझा येतो श्वासाने आणि दुष्काळ येतो रिकाम्या कोठारातून. आरोग्याचे एक दार बंद करून घर सुरक्षित होत नाही. दुसरे असे की, १९१८ च्या साथीने म्हातारी आणि पोरे यांच्याबरोबर विशेषेकरून नेली ती वीस ते चाळीस या वयातली धडधाकट माणसे. ज्यांना शिकवायला राज्याने आणि आईबापांनी दहा-दहा वर्षे घालवली, ती कमावती होताक्षणीच गेली. फुटक्या रांजणात पाणी भरावे तसे ते झाले.

हीच साथ पुढे अर्थशास्त्राच्या ग्रंथात गेली. थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हिंदुस्थानातील १९१८-१९ च्या साथीचे आकडे तपासले. त्या काळी विद्वानांत एक समज होता की, आपल्या शेतीवर माणसे इतकी जास्त आहेत की काही कमी झाली तरी पीक घटणार नाही. शुल्ट्झने दाखवले की जेथे माणसे अधिक दगावली तेथे पेराही अधिक घटला. त्याच्या गणितावर पुढे वाद झाले. अमर्त्य सेन यांनीही आक्षेप घेतले. पण माणसाचे आरोग्य आणि शिक्षण हे भांडवल आहे, हा त्याचा मुख्य विचार टिकला, आणि १९७९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याला आपण संस्थेच्या वहीत खर्च म्हणतो त्याला त्याने मुद्दल म्हटले, एवढाच त्याचा सारांश.

आता बँक रोडकडे येऊ. १८९० साली बडोद्यास कलाभवन निघाले. त्याचे सूत्रधार प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार होते. रंगकाम, यंत्रकाम, इमारतकाम असे विषय तेथे शिकवत, आणि ते देशी भाषेतून शिकवण्यावर भर असे. कारण सुताराच्या मुलाला आधी इंग्रजी आणि मग रंधा, असा फेरा घालायचा नव्हता. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकून गेले. गज्जर, त्यांचे विद्यार्थी भाईलाल अमीन आणि आपले कोटीभास्कर यांच्या उद्योगातून १९०७ साली अलेम्बिक कंपनी उभी राहिली. औषधे करणारा हा कारखाना बडोद्याच्या औद्योगिक वंशावळीतला मूळ पुरुष म्हणावा लागेल. पुढल्याच वर्षी, १९०८ च्या जुलैत, मांडवीत बँक ऑफ बरोडा सुरू झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९१० साली, महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची आणि राज्यभर पसरलेल्या वाचनालयांची व्यवस्था लावली. ग्रंथालय आणि पेढी एकाच रस्त्यावर आली. मला यात योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. प्राथमिक शाळेतून सुटलेला मुलगा दोन वर्षांत अक्षरे विसरतो, हे शिक्षणखात्याला कळले होते. वाचायला पुस्तक हाती असेल तरच शिकलेले टिकते. आणि ज्याला वाचता येते, पावती समजते, सही करता येते, तोच पेढीत पैसे ठेवायला धजतो. निरक्षराची बचत मडक्यात राहते किंवा दागिन्यात. तिच्यातून कारखाना निघत नाही.

त्या वाचनालयांचा एक नियम आपल्यासारख्या संस्थेने सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावा असा आहे. गावाने जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तितकीच सरकारने. फुकट दिलेली वस्तू कोणाची नसते. तिसरा हिस्सा ज्याने घातला तो पुस्तक हरवू देत नाही. चरोतरात मोतीभाई अमीन यांनी सरकारच्या आधीपासून मित्रमंडळांची वाचनालये काढून त्याच भूमीची मशागत केली होती.

तरीही पाणी दिले, पाटी दिली, पेढी काढली, म्हणजे सर्व झाले काय? येथे बडोद्याच्या हिशेबातले दुसरे कडू पान येते. १९१३ साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांनी तेथे अर्थशास्त्राचा अभ्यास केला. कराराप्रमाणे दहा वर्षे नोकरी करण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास आले. ज्या राज्याने त्यांच्यावर एवढा पैसा खर्च केला त्याच राज्याच्या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. कामाठी बागेत काही तास काढून ते मुंबईस परतले. पुढे त्यांनी प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला इंग्रजी ग्रंथ सयाजीराव महाराजांनाच अर्पण केला, हा त्यांचा मोठेपणा. पण शहराचे काय? राज्याने पैसे मोजून तयार केलेला एक अर्थशास्त्रज्ञ शहराने काही दिवसांत हाकलून दिला. राजाची तिजोरी उघडी होती आणि रयतेची दारे बंद होती. शिक्षणाचे मुद्दल असे बुडते. याची भावनेच्या बाजूने चर्चा पुष्कळ झाली आहे; आज मी ती केवळ हिशेबाच्या बाजूने करतो, आणि त्या बाजूनेही आपल्याला मान खाली घालावी लागते.

तीच गोष्ट मुलींची. १९०४ साली बडोदे राज्यात बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला. मुलीचे वय निदान १२ आणि मुलाचे १६ असावे असे ठरले. आज हे आकडे ऐकून आपल्याला हसू येईल, पण त्या दोन-चार वर्षांत मुलीची शाळा होती आणि तिचा जीवही होता. महाराणी चिमणाबाईसाहेब १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या, आणि १९४९ साली आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून हंसाबेन मेहता आल्या. यामागे शाळेत गेलेल्या दोन पिढ्या होत्या.

१९४९ हे साल मी मुद्दाम सांगतो. त्या एका साली बडोद्यास विद्यापीठ आले आणि वैद्यकीय महाविद्यालयही आले. कलाभवन विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत विलीन झाले. त्यानंतर अंकलेश्वरास १९६० साली तेल सापडले, १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धी कारखाना चालू झाला, खतांचा कारखाना आला, १९६९ साली पेट्रोरसायनांची कंपनी स्थापन झाली. आता कोणी म्हणेल, तेल जमिनीखाली होते, रेल्वे आधीपासून होती, शाळांचा यात काय संबंध? जमिनीखालचे तेल शाळेने आणले नाही, हे कबूल. परंतु कारखाना उभा राहिला तेव्हा त्याला फिटर, रसायनज्ञ, आरेखक, हिशेबनीस आणि डॉक्टर लागले, आणि त्यांच्यातले बरेच येथेच तयार होते. जगात असे कितीतरी प्रदेश आहेत की जेथे खाण निघाली, संपली आणि मागे खड्डा उरला. आपले शहर १९२१ च्या ९५ हजारांवरून २०११ साली सुमारे १६ लाख ७० हजारांवर गेले. १८९३ मध्ये लावलेल्या रोपाची सावली अशी उशिरा पडली.

आपल्या मराठी मुलखातही हेच दिसते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९५० साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांचे हिशेब ठेवणारी, सभेत उठून प्रश्न विचारणारी मुले ग्रामीण शाळांतूनच आली. आणि उलट दिशेने पाहायचे तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यांनी १९९९ साली जगापुढे मांडले. मोठे इस्पितळ न बांधता, थोडेफार शिकलेल्या बाईच्या हातात ज्ञान दिल्याने हे झाले. शिक्षण आरोग्याला असे उपयोगी पडते.

आरोग्य शिक्षणाला कसे उपयोगी पडते, याचा दाखला अमेरिकेच्या दक्षिण भागात आहे. १९१० साली रॉकफेलर यांच्या देणगीतून तेथे अंकुशकृमीविरुद्ध मोहीम निघाली. हे जंत आतड्यात राहून रक्त पितात. मूल फिकट पडते, वर्गात पेंगते. मोहिमेनंतर ज्या भागात रोग जास्त होता त्या भागातली मुले अधिक नियमाने शाळेत जाऊ लागली, आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली, असे पुढील अभ्यासात दिसून आले. शाळा त्याच, मास्तर तेच. बदलले ते मुलांचे रक्त.

आता आजच्या गुजरातकडे या. आपले राज्य सधन आहे, उद्योगात पुढे आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे गुजरातेत १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ६५ स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाच वर्षांखालील लहान मुलांत हे प्रमाण १०० मध्ये जवळजवळ ८० आहे, आणि १०० पैकी ३९ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. महाराष्ट्राचे आकडे थोडे बरे आहेत, पण मिरवावेत असे नाहीत. धंदा वाढला की आरोग्य आपोआप येते, या समजुतीला हे आकडे उत्तर देतात. पैसा आला, तो मुलाच्या ताटापर्यंत पोहोचला नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आडात आहे, पोहराच गळका आहे.

रक्तक्षय असलेली मुलगी वर्गात बसलेली असते. हजेरी लागते. फी भरलेली असते, कदाचित आपल्याच संस्थेने भरलेली. पण रक्तात लोह कमी असले की शरीराला प्राणवायू कमी पोहोचतो, थकवा येतो, लक्ष उडते. ती नापास झाली तर आपण म्हणतो, बुद्धी बेताची आहे, आणि पुढील वर्षी मदत बंद करतो. काही वर्षांनी तिचे लग्न होते, मूल कमी वजनाचे जन्मते, आणि पुढच्या पिढीचा हिशेब तोट्यानेच सुरू होतो. ही मुलगी आपल्या घरांत नाही असे समजू नका. हा रोग गरिबांपुरता नाही. उपासतापास करणाऱ्या आणि सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बायका खात्यापित्या घरांतही आहेत.

म्हणून विश्वस्तांपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली अशी की, शिष्यवृत्ती आणि औषधोपचार या दोन समित्यांनी एकत्र बसावे. ज्या मुलाला फीची मदत द्यायची त्याचे डोळे, दात आणि रक्त वर्षातून एकदा तपासून घ्यावे. आपल्या समाजात डॉक्टर पुष्कळ आहेत. वर्षाचा एक रविवार ते नाही म्हणणार नाहीत. सरकार शाळांतून लोहाच्या गोळ्या देते. त्या मुलींच्या पोटात जातात की दप्तराच्या तळाशी राहतात, हे विचारणारी एखादी मावशी-काकू संस्थेने नेमावी.

दुसरी, आपली मदत बहुतेक पदवीच्या वर्गांना जाते, कारण तेथे फी मोठी आणि यश लवकर दिसते. यापुढे निदान निम्मी मदत खालच्या वर्गांकडे वळवावी, आणि तीत मुलींचा वाटा मुलांच्या बरोबरीचा असावा. पाया ओला असताना कळसाला सोनेरी मुलामा देणे शोभत नाही.

तिसरी सूचना काहींना रुचणार नाही. आपली संस्था समाजाची आहे, तिच्या घटनेत तसे लिहिले आहे, आणि ते बदला असे मी म्हणत नाही. पण या सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून काही शिष्यवृत्त्या अशा ठेवाव्यात की ज्यांच्या अर्जात जात आणि पोटजात विचारली जाणार नाही. आणि शिकायला आलेल्या परगावच्या मुलाला खोली देताना आपल्या घरांत जे प्रश्न विचारले जातात, त्यांचाही विचार व्हावा. १९१७ साली ज्या शहराने एका विद्वानाला खोली नाकारली त्या शहरात आपण राहतो.

चौथी, हिशेब ठेवावा. मदत दिलेल्या मुलाचे दहा वर्षांनी, वीस वर्षांनी काय झाले, याची एक साधी वही असावी. आणि ज्याला जमेल त्याने कमावता झाल्यावर आपल्याला मिळाले तितके परत संस्थेत घालावे, सक्तीने नव्हे, वाचनालयाच्या त्या तिसऱ्या हिश्शाच्या न्यायाने.

या सूचनांचे फळ पुढील वार्षिक सभेत दिसणार नाही. बहुधा त्याच्या पुढच्याही नाही. आजव्याचा तलाव भरला तेव्हा ज्यांच्यासाठी तो बांधला त्यांतले बहुतेक जन्मलेही नव्हते, आणि ज्यांनी कर भरला त्यांतल्या कित्येकांना पुढची तीस वर्षे दुष्काळ, प्लेग आणि साथीच पाहाव्या लागल्या. तरी नळ बंद केले नाहीत, शाळा मोडल्या नाहीत, म्हणून आज आपण येथे आहोत. आपल्या संस्थेला ५० वर्षे झाली. पुढील ५० वर्षांच्या हिशेबात या दोन रकमा खर्चाच्या बाजूसच राहतील, कारण हिशेबाचे नियम तसे आहेत. परंतु त्या कापण्याची वेळ आली तर विश्वस्तांनी आधी दुसरी काही काटकसर शोधावी, एवढीच विनंती आहे.